मेंदूतला फुगा : वाढतो कुणाचा, फुटतो कुणाचा?

डोकं दुखतं, चक्कर येते म्हणून बोईसरला किंवा पालघरला एमआरआय काढला जातो. दुखण्याचं कारण बहुतेक वेळा भलतंच निघतं. पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते : 'अँटिरियर कम्युनिकेटिंग आर्टरीवर 4 मिमीचा सॅक्युलर ॲन्युरिझम'. घरातलं कुणीतरी तो शब्द मोबाइलवर शोधतं, 'मेंदूतली नस फुटून मृत्यू' असं काहीतरी समोर येतं आणि त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे दोनच प्रश्न असतात. हा वाढेल का? हा फुटेल का?

गेल्या तीस वर्षांत जगभरच्या संशोधकांनी हजारो रुग्णांचा पाठपुरावा करून या दोन प्रश्नांची उत्तरं शोधली आहेत. ती पुष्कळशी दिलासा देणारी आहेत आणि काही बाबतींत कठोर आहेत. मात्र ती बहुतेक फिनलंड, जपान, युरोप आणि अमेरिकेतल्या माणसांवरून काढलेली आहेत. तारापूर औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्या कंत्राटी कामगाराला किंवा विक्रमगडच्या पाड्यावर सकाळ-संध्याकाळ मशेरी लावणाऱ्या बाईला ती कितपत लागू पडतात, हे आपल्यालाच तपासून घ्यावं लागतं.

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या कवटीच्या तळाशी एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडं तयार होतं. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी 1664 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते विलिसचं कडं. धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे रक्ताचा मारा सतत एकाच जागी बसतो. मेंदूच्या धमन्यांची भिंत मुळातच शरीरातल्या इतर धमन्यांपेक्षा पातळ असते आणि तिच्यात बाहेरचा लवचीक पडदा नसतो. वर्षानुवर्षांच्या माऱ्याने भिंतीच्या आतल्या थराला सूज येते, तो झिजतो आणि जुन्या टायरला फुगा यावा तशी भिंत बाहेर येते. तोच ॲन्युरिझम. बहुतेक वेळा तो जन्मजात नसतो, आयुष्यात कधीतरी तयार होतो. म्हणूनच तो कशामुळे होतो आणि कशामुळे वाढतो हे विचारण्यात अर्थ आहे.

जगभरच्या पाहण्यांनुसार प्रौढांपैकी सुमारे 3 टक्के लोकांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि त्यातल्या बहुतेकांना तो मरेपर्यंत कळत नाही. पालघर जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 30 लाख होती. हा हिशेब इथे लावला तर पन्नास हजारांच्या आसपास माणसं तो घेऊन वावरत असतील. फुटण्याचं प्रमाण मात्र फार कमी आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार फुगा फुटून मेंदूभोवती होणाऱ्या रक्तस्रावाचं प्रमाण 2010 च्या सुमारास लाखात 6 च्या आसपास होतं. त्या दराने आपल्या जिल्ह्यात वर्षाला पावणेदोनशे-एकशे ऐंशी रुग्ण झाले असते. भारतात हे प्रमाण कमी असल्याचं आपले मेंदूशल्यविशारद पूर्वीपासून सांगत आले आहेत. मद्रासच्या डॉ. बी. राममूर्ती यांनी 1969 मध्येच त्यावर लिहिलं होतं. त्या कमीपणात खरा फरक किती आणि रुग्णालयात पोचण्याआधीच गेलेली, 'झटका आला' म्हणून नोंदली गेलेली माणसं किती, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आता आकाराकडे येऊ, कारण रिपोर्टमधला तोच आकडा माणसाला सर्वांत जास्त छळतो. 2003 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मेंदूच्या पुढच्या भागातल्या 7 मिमीपेक्षा लहान फुग्यांचा, आधी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांत, पाच वर्षांत फुटण्याचा धोका जवळजवळ शून्य दिसला. 7 ते 12 मिमीला तो 2.6 टक्के, 13 ते 24 मिमीला 14.5 टक्के आणि त्यापुढच्या महाकाय फुग्यांना 40 टक्के होता. मागच्या धमन्यांवरचे आणि पोस्टिरियर कम्युनिकेटिंग धमनीवरचे फुगे त्याच आकाराला अधिक घातक ठरले. तिथे अगदी लहानांचा धोकाही 2.5 टक्के होता. जपानने 2012 मध्ये 5,720 रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात फुटण्याचं सरासरी प्रमाण वर्षाला 0.95 टक्के निघालं. 3-4 मिमीच्या तुलनेत 7 ते 9 मिमीचा धोका तिपटीहून अधिक आणि 10 ते 24 मिमीचा नऊपट होता. फुग्याच्या अंगावर आणखी एक छोटा फुगवटा असेल तर धोका दीडपटीहून वाढत होता.

हे आकडे वाचून लहान फुगा म्हणजे निर्धास्तपणा, असं वाटतं. पण मेंदूच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या कुणालाही विचारा. फुटून आलेल्या रुग्णांत 7 मिमीपेक्षा लहान फुगेच मोठ्या संख्येने दिसतात. हा विरोध वरवरचा आहे. लहान फुगे असलेली माणसं इतकी जास्त आहेत की त्यातला अगदी थोडा हिस्सा फुटला तरी रुग्णालयात त्यांचीच गर्दी दिसते. शिवाय काही फुगे तयार झाल्यावर थोड्याच दिवसांत फुटतात. ते 'न फुटलेले' म्हणून कुणाच्या तपासणीत सापडतच नाहीत. शिल्लक राहिलेले, स्थिरावलेले फुगेच अभ्यासात येतात आणि म्हणून धोका कमी दिसतो. म्हणजे 4 मिमी हा आकडा दिलासा देतो, हमी देत नाही.

मग हमीच्या जवळ जाणारं काही आहे का? माझ्या मते फिनलंडमधल्या एका अभ्यासात त्याचं सर्वांत चांगलं उत्तर आहे. तिथे 1979 पर्यंत न फुटलेल्या फुग्यांवर शस्त्रक्रिया करत नसत. त्या काळातल्या 118 रुग्णांना संशोधकांनी त्यांच्या आयुष्याच्या अखेरीपर्यंत किंवा फुगा फुटेपर्यंत पाहिलं आणि 2014 मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे 29 टक्क्यांचा फुगा आयुष्यात कधीतरी फुटला. पण सरासरीच्या आत डोकावल्यावर चित्र बदललं. माणूस कोण आहे यावर वर्षाचा धोका शून्यापासून 6.5 टक्क्यांपर्यंत बदलत होता. स्त्री असणं, धूम्रपान करणं आणि फुगा 7 मिमी किंवा त्याहून मोठा असणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका वर चढत होता. एकाच आकाराच्या फुग्याचे दोन मालक असतील तर त्यांचं भवितव्य एक नसतं. आपल्याकडे रिपोर्ट वाचताना हीच गोष्ट हरवते. सगळं लक्ष मिलिमीटरवर जातं आणि ज्याच्या डोक्यात तो आहे त्याचं बीपी किती, तो विडी किती ओढतो, हे कुणी विचारत नाही.

वाढीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. फुगा 1 मिमीने किंवा अधिक मोठा झाला, किंवा त्याचा आकार ओबडधोबड झाला, तर त्याला वाढ म्हणतात. वाढ आणि फुटणं एकच नाही. न वाढताही काही फुटतात. पण वाढलेला फुगा म्हणजे भिंत अजून झुंजते आहे याची उघड खूण. 2021 मध्ये वाढलेल्या फुग्यांचाच एकत्रित अभ्यास झाला तेव्हा वाढ दिसल्यापासून वर्षभरात फुटण्याचा धोका सुमारे 4.3 टक्के आढळला. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतली अभिनेत्री एमिलिया क्लार्क हिने 2019 मध्ये स्वतःची हकीगत लिहिली. 2011 मध्ये तिचा एक फुगा फुटला आणि दुसऱ्या बाजूला एक लहान फुगा सापडला. तो लहान म्हणून नजरेखाली ठेवला. 2013 मध्ये तपासणीत तो दुपटीने मोठा दिसला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. पाठपुरावा का करायचा, हे सांगायला यापेक्षा वेगळं उदाहरण नको. आधी एक फुगा फुटलेल्या माणसाचा दुसरा फुगा अधिक जोखमीचा असतो, हेही त्यातून दिसतं. अशा रुग्णांपैकी वीस-तीस टक्क्यांच्या डोक्यात एकाहून अधिक फुगे असतात.

वाढीचा अंदाज बांधायला 2017 पासून 'इलॅप्स' नावाची गुणपद्धती वापरात आहे. तिच्यात आधीचा रक्तस्राव, फुग्याची जागा, वय साठच्या पुढे, कोणत्या देशातला माणूस, फुग्याचा आकार आणि त्याचा ओबडधोबडपणा मोजतात. फुटण्याचा अंदाज देणारी 2014 ची 'फेझेस' पद्धत 8,382 रुग्णांवरून बेतलेली आहे. तिच्यात उच्च रक्तदाब आणि सत्तरीपुढचं वयही आहे. या दोन्हींत देशाला गुण आहेत : फिनिश आणि जपानी माणसाला जास्त, युरोप-अमेरिकेतल्याला कमी. भारतीय माणसासाठी वेगळा रकाना नाही. आपले डॉक्टर अंदाजाने खालचा गुण देतात. ते बहुधा बरोबर असेल, पण तो अंदाजच आहे हे रुग्णाला सांगितलं पाहिजे. दुसरं, दोन्ही पद्धतींत तंबाखू नाही. गुणपत्रिकेत नाही म्हणजे तंबाखू निर्दोष, असा अर्थ कुणी काढू नये. फिनलंडच्या आयुष्यभराच्या पाठपुराव्यात धूम्रपान ठळकपणे पुढे आलंच आहे.

कोणत्या गोष्टी बदलता येत नाहीत, हे पटकन सांगतो. पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत फुगे जास्त आढळतात. आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघांना किंवा अधिकांना हा आजार झाला असेल तर बाकीच्यांची तपासणी करावी. दोन्ही किडन्यांत गाठीच गाठी असण्याचा वंशपरंपरागत आजार असेल तर मेंदूतल्या फुग्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी वाढते. बोईसरच्या सोनोग्राफीत असं दिसलं आणि घरात कुणी मेंदूच्या रक्तस्रावाने गेलेलं असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावं.

यात पालघरसाठी आणखी एक नाव जोडलं पाहिजे, ते सिकलसेलचं. आदिवासी समाजांत हा रक्तविकार आहे आणि 1 जुलै 2023 पासून त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. सिकलसेलच्या रुग्णांत मेंदूतले फुगे तरुण वयात, एकाहून अधिक आणि बरेचदा मागच्या धमन्यांवर दिसतात, असं परदेशी अभ्यास सांगतात. ते मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या रुग्णांवरचे आहेत. आपल्याकडच्या सिकलसेलचा प्रकार सामान्यतः सौम्य मानला जातो, त्यामुळे घाबरून प्रत्येकाचा एमआरआय काढण्याचं कारण नाही. फक्त वाहक असलेल्यांना तर ही भीती बाळगायची गरजच नाही. पण सिकलसेलच्या तरुण रुग्णाला एकाएकी भयंकर डोकेदुखी झाली, तर जव्हार-मोखाड्याच्या डॉक्टरांच्या मनात हे नाव यायला हवं.

बदलता येण्याजोग्या मुख्य गोष्टी दोन आहेत आणि सगळा लेख त्यांच्यासाठी आहे : रक्तदाब आणि तंबाखू. वर उल्लेख केलेल्या 2019 च्या जागतिक आढाव्यात फार मोलाचा हिशेब आहे. 1980 मध्ये लाखात 10.2 असलेलं प्रमाण 2010 पर्यंत 6.1 वर आलं. लोकसंख्येचा वरचा रक्तदाब सरासरी 1 अंकाने उतरला की रक्तस्राव सुमारे 7 टक्क्यांनी घटले. धूम्रपान करणाऱ्यांचं प्रमाण 1 टक्क्याने उतरलं की 2.4 टक्क्यांनी घटले. या काळात शस्त्रक्रिया सुधारल्या, पण फुटण्याचं प्रमाण उतरलं त्याच्याशी बीपीच्या गोळीचा आणि विझलेल्या सिगारेटचा संबंध ठळकपणे दिसतो.

आपल्याकडे काय आहे? 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भारतातल्या 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. तारापूरच्या कारखान्यांत फर्स्ट, सेकंड, नाइट अशा फिरत्या पाळ्या, बॉयलरजवळची उष्णता, अपुरी झोप आणि पाळी संपल्यावर खाल्लेलं तिखट-मीठ यातून रक्तदाब चढायला वेळ लागत नाही. किनाऱ्यावर सातपाटीपासून डहाणूपर्यंत सुके बोंबील, सुकट, खारवलेली मासळी हे रोजचं जेवण. ते सोडा असं मी म्हणणार नाही. पण दिवसाला एकूण 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, या जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यात खारवलेल्या मासळीतलं मीठही धरायचं असतं. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत कामगारांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी कायद्यानेच करावी लागते. म्हणजे हजारो कामगारांचं बीपी दरवर्षी मोजलं जातं. ते वाढलेलं दिसल्यावर गोळी सुरू झाली का, चालू राहिली का, हे पाहणारं कुणी नसेल तर तो आकडा फायलीत पडून राहतो. परप्रांतातून आलेला कामगार गावी गेला की गोळी बंद होते. परत आल्यावर डोकं दुखत नाही म्हणून ती पुन्हा सुरू होत नाही. बीपी वाढलेलं असताना डोकं दुखेलच असं नसतं, ही साधी गोष्ट अजून घरोघरी पोचलेली नाही.

तंबाखूबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 24.4 टक्के लोक धूर नसलेला तंबाखू वापरत होते आणि धूम्रपान करणारे फक्त 3.8 टक्के होते. म्हणजे आपला तंबाखू मुख्यतः चुन्याबरोबर मळलेला, मशेरीतला किंवा गुटख्यातला. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असली तरी तो मिळतोच. मेंदूतल्या फुग्याबद्दलचा भक्कम पुरावा धुराविरुद्ध आहे. मशेरीविरुद्ध तितका नाही. तरीही निकोटिन कोणत्याही वाटेने गेलं तरी काही मिनिटांत रक्तदाब चढवतं, हे सिद्ध आहे. आणि बाईमाणूस विडी ओढत नाही म्हणून 'तंबाखू नाही' असं केसपेपरवर लिहिलं जातं, तेव्हा दिवसातून चार वेळा लावलेल्या मशेरीची नोंद होतच नाही. डॉक्टरांनी आणि आशाताईंनी ती नाव घेऊन विचारली पाहिजे. ताडी आणि मोहाच्या दारूचंही तसंच. अतिमद्यपान या रक्तस्रावाचा धोका वाढवतं, यावर अभ्यासकांत फारसा वाद नाही.

बोईसर परिसरात आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो : हे प्रदूषणाने झालं का? अणुवीज केंद्रामुळे झालं का? प्रश्न विचारणाऱ्याला हसू नये. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून शेजारी आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मोजणीत तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुणांनी देशात सर्वांत प्रदूषित ठरलं होतं. तिथल्या पाण्याची आणि हवेची लढाई खरी आहे. पण मेंदूतला फुगा वाढण्या-फुटण्याच्या ज्या जोखमी वरच्या अभ्यासांत पुढे आल्या, त्यांत किरणोत्सर्ग किंवा रसायनं नाहीत. चिमणीकडे बोट दाखवताना हातातली विडी नजरेतून सुटू नये, एवढंच म्हणणं आहे.

एका क्षणात फुगा कशाने फुटतो, याचाही अभ्यास झाला आहे. 2011 मध्ये नेदरलँड्समधल्या 250 रुग्णांना विचारल्यावर जोराने नाक शिंकरणं, शौचाला कुंथणं, संताप, दचकणं, संभोग, जोरदार व्यायाम, कॉफी अशा गोष्टी पुढे आल्या. सगळ्यांत रक्तदाब थोडा वेळ उसळतो. पण म्हणून संसार बंद करायचा नसतो. प्रत्येक वेळचा धोका फार लहान असतो. बद्धकोष्ठता बरी करावी, फार जड वजन श्वास रोखून उचलू नये, बीपी ताब्यात ठेवावं. बाकी काम, प्रवास, घर चालू ठेवावं.

शस्त्रक्रिया करावी का, हा निर्णय दोन जोखमींच्या तुलनेचा असतो. न फुटलेल्या फुग्याला धातूची क्लिप लावणं किंवा जांघेतून नळी घालून आत कॉइल भरणं, दोन्ही उपाय चांगले आहेत, पण निर्धोक नाहीत. 2019 च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात गुंतागुंतीचं प्रमाण नळीच्या उपचारात सुमारे 5 टक्के आणि कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत सुमारे 8 टक्के होतं. म्हणून सत्तरीतल्या, बीपी ताब्यात असलेल्या माणसाचा 3 मिमीचा गुळगुळीत फुगा बहुधा नजरेखाली ठेवतात. चाळिशीतल्या, धूम्रपान करणाऱ्या, घरात दोघं या आजाराने गेलेल्या माणसाचा 6 मिमीचा ओबडधोबड फुगा बंद करण्याकडे कल असतो. नजरेखाली ठेवायचं ठरलं तर पहिली फेरतपासणी सहा महिने ते वर्षाने, शक्यतो त्याच पद्धतीने आणि त्याच प्रकारच्या मशीनवर करावी. एक मिलिमीटरचा फरक मोजायचा असतो, तो मशीन बदलल्यानेही दिसू शकतो. जुनी सीडी जपून ठेवा. फक्त छापील रिपोर्ट घेऊन मुंबईला गेलात तर डॉक्टरांना तुलना करता येत नाही.

आणि फुटलाच तर? तेव्हा गुणपद्धती बाजूला पडते आणि रस्ता हाच मोठा जोखीम घटक होतो. एकूण रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावतात, काही रुग्णालयाच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. वाचलेल्यांना सर्वांत मोठा धोका पहिल्या चोवीस तासांत पुन्हा रक्तस्राव होण्याचा असतो. बोईसर मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागायचं, मनोर, वसई, घोडबंदरची कोंडी पार करायची आणि केईएम, नायर, सायन किंवा जेजे गाठायचं. डहाणू-तलासरीकडचे लोक वापी, सिल्वासाला जातात, जव्हार-मोखाड्याचे नाशिकला. जुलै 2025 च्या अखेरीस पालघरहून मुंबईला नेल्या जाणाऱ्या एका जखमी महिलेची रुग्णवाहिका याच महामार्गावर कोंडीत अडकली आणि तिचा वाटेतच मृत्यू झाला. तिचं दुखणं वेगळं होतं, रस्ता तोच.

त्यातही रस्त्यावरच्या तासांआधी घरात आणि पहिल्या दवाखान्यात गेलेले तास असतात. अचानक, एका मिनिटाच्या आत शिगेला पोचलेली, 'असं डोकं जन्मात दुखलं नव्हतं' अशी डोकेदुखी, सोबत उलटी, मान ताठ होणं, शुद्ध हरपणं किंवा एक पापणी खाली पडून त्या डोळ्याची बाहुली मोठी होणं. याला पित्त, ऊन लागणं, मानेची नस किंवा बाहेरची बाधा समजून इंजेक्शन, बाम आणि भगत यांत दिवस जातो. पहिल्या सहा तासांत चांगल्या मशीनवर काढलेला सीटी स्कॅन हा रक्तस्राव जवळजवळ नेहमी दाखवतो. उशीर झाला की तो हुकण्याची शक्यता वाढते आणि पाठीच्या कण्यातलं पाणी तपासावं लागतं. अशी डोकेदुखी झाली तर ॲस्पिरिन देऊ नका, 108 ला फोन करा आणि आधी जिथे सीटी निघेल तिथे न्या. सीटीत रक्त दिसलं की रुग्ण निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयाला फोन गेला पाहिजे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया आहेत. कागदपत्रं घरात एका जागी ठेवा. पण 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झालेला हा जिल्हा मेंदूच्या रक्तस्रावासाठी अजून मुंबई, गुजरात आणि नाशिकच्या रस्त्यांवर अवलंबून आहे, हे मान्य करून चालणार नाही. चोवीस तास चालणारा सीटी स्कॅन, तो रात्री दोन वाजताही वाचून देणारा तज्ज्ञ आणि मुंबईच्या मेंदूशल्य विभागाशी पक्की जोडलेली रुग्णवाहिका, एवढी मागणी पालघर, बोईसर, डहाणू आणि जव्हारच्या लोकांनी आमदार, जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे एकत्र लावून धरावी. आणि तीस वर्षं ओलांडलेल्या प्रत्येकाने या आठवड्यात जवळच्या उपकेंद्रात जाऊन बीपी मोजून घ्यावं. तिथे त्याचे पैसे पडत नाहीत.